हिले साखर बंद हाय

मला पाहायला पाहुणे येणार होते त्या दिवशी आईनं मला न्हाणीत बसवलं आणि टाचा घासायच्या वजरीनं माझी मान घासायला घेतली. अंग माझं गव्हाळ, पण मानेवर मागच्या बाजूनं काळा, जाड पट्टा होता. "मळाचे थर बसले पोट्टे, लाज नाई वाटत तुले?" ती घासत होती, मी बोंबलत होते. रक्त आलं तेव्हा थांबली. मग वरून हळद चोळली. त्या हळदीनं जी आग झाली, ती मी अजून विसरले नाही. पाहुण्यांपुढे पदर मानेभोवती लपेटून बसले आणि पसंत पडले.

तो मळ नव्हता. पण हे सांगणारा माणूस भेटायला कितीतरी वर्षं जावी लागली.

लग्न होऊन मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आले. बोरी अरबपासून जवळच. नवऱ्याची पिठाची चक्की होती. पट्टा चढवायचा तो, दळण मोजून घ्यायची मी. दिवसभर बसून काम, आणि बसल्या बसल्या खाणं. मी फुगत गेले. चक्कीतल्या काट्यावर उभी राहिले की ज्वारीचं पोतं लाजायचं. नवरा म्हणायचा, "उतर माय, काट्याची स्प्रिंग तुटंन." मी हसायचे. लोकही हसायचे. जाड बाई हसरी असली की लोकांना फार बरं वाटतं.

मग माझ्या वडिलांना साखर निघाली. साखर म्हणजे काय, ते मी त्यांच्या पायात पाहिलं. आधी अंगठा कापला. मग पाऊल. मग गुडघ्याखालून पाय. शेवटी शेवटी खोलीत शिरलं की एक गोड, कुजका वास यायचा. आई उदबत्त्या लावायची आणि त्यानं तो वास जास्तच अंगावर यायचा. बाबा माझा हात धरून म्हणाले होते, "तू माह्यासारखीच हायेस बाई अंगानं. पाय सांभाळजो." बस, एवढंच. महिन्याभरात गेले.

बाबांचे दिवस झाल्यावर मी सरळ यवतमाळ गाठलं. तिथल्या डॉक्टरनं सगळ्यात आधी माझी मान पाहिली. मी म्हटलं, "घासते हो रोज." तो म्हणाला, "घासू नका. तो मळ नाही. तुमचं शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही, त्याची खूण आहे ती. इन्सुलिन ओरडतं, शरीर ढिम्म. मग ते आणखी ओरडतं." मी म्हटलं, "म्हणजे माह्या घरातल्यासारखंच हाय हे." तो हसला नाही. रक्ताचा कागद पुढे सरकवला आणि सांगितलं की साखर आता हद्द ओलांडून आत आली आहे. वजन उतरवा, नाहीतर वडिलांच्या वाटेनं जाल. दोन गोळ्या दिल्या. त्यातल्या एका गोळीबद्दल त्यानं बोट उगारून ताकीद दिली: ही घेतली की जेवलंच पाहिजे. उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली येते, आणि खाली आलेली साखर वर गेलेल्या साखरेपेक्षा लवकर मारते.

ही गोष्ट मी घरी येऊन सांगितली होती. चांगली ओरडून सांगितली होती. पण आमच्या घरात पोचलं ते फक्त एवढंच: हिले साखर बंद हाय.

वजन उतरवणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. भूक लागली की मी माणसात राहत नव्हते. एकदा दळणाला आलेल्या बाईनं नुसतं विचारलं, "काहून वाळून राह्यली वो?" तर मी तिचा डबा पिठासकट रस्त्यावर भिरकावला. एका बारशाला पंगतीत बसले होते. आमच्याकडे आग्रह म्हणजे हातानं तोंडात कोंबायचं, नाही म्हणणाऱ्याचे हात मागून दुसरीनं धरायचे. दोघींनी मला तसं धरलं, तिसरी जिलबी घेऊन आली. "एकानं काई होत नाई!" माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा पाय आला. मी ताट उलटं केलं. वरणाचं वाटगं एकीच्या कपाळाला लागलं, खोक पडली. बारशाच्या घरात रक्त! घरी आल्यावर सासूबाई दारातच म्हणाल्या, "कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच." मी म्हटलं, "साखरेत घोळूच नका नं मंग."

पण वजन उतरायला लागलं. ज्वारीची एक भाकर, दोन वेळा भाजी, तांदूळ बंद, चहा बिनसाखरेचा. आणि चालणं. आता गावात बाई नुसती चालायला निघाली तर लोक विचारणारच, कोणाकडे चालली, कायले चालली, भांडून निघाली का? म्हणून मी हातात तांब्या घ्यायची. तांब्या हातात असला की कोणी काही विचारत नाही. सकाळी उजाडलं की तांब्या घेऊन नाल्यापलीकडे जायचं आणि शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, झपाझपा फेऱ्या मारायच्या. मान हळूहळू उजळायला लागली. वजरीनं नाही उजळली ती, भुकेनं उजळली.

या सगळ्यात मला एकाच माणसाचा हेवा वाटायचा, माझ्या नवऱ्याचा. मी एकेका घासाशी मारामारी करायची आणि हा बाजारातून आलं की पावभर जिलबी एकटा खायचा. वर माठातलं पाणी तांब्या तांब्या ढोसायचा. तरी पँट कमरेवरून घसरायची. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं याचं वजन आपोआप उतरत होतं. लोक म्हणायचे भावाच्या दुःखानं वाळला. आम्हीही तेच म्हणायचो.

कारण आदल्या वर्षी माझे भासरे, म्हणजे याचे थोरले भाऊ, फवारणीचं औषध पिऊन गेले होते. कापसाचे ते दिवस कसे होते हे मी सांगायला नको. दर हप्त्याला कुठल्यातरी गावातून बातमी यायची. घराघरात बायका आपल्या माणसांचे तोंडाचे वास घ्यायच्या. भासरे घरामागच्या पऱ्हाटीच्या ढिगाजवळ तडफडत पडलेले सापडले. सापडले ते माझ्या जाऊबाईंना. कपाशी उपटून झाली की तिच्या काड्यांचा तो ढीग आम्ही वर्षभर चुलीला पुरवतो. जाऊबाईंनी मात्र त्या ढिगातली एक काडीही पुढे चुलीत घातली नाही.

त्यानंतर नवऱ्याला बाटलीचं वेड लागलं. घरात बाटली दिसली की फोडायचा. रॉकेलची, तेलाची, खोकल्याच्या औषधाची, देवाच्या गंगाजळाचीसुद्धा. अंगण काचांनी भरलेलं. मी रागावले की म्हणायचा, "तू चूप बैस. तू नाई पाह्यलं त्याचं तोंड." आणि यवतमाळहून येताना एका बाईनं मला सांगितलं की कारल्याचा रस उपाशीपोटी घे, मान लवकर साफ होते. आता रस ठेवायचा कशात? खोकल्याच्या औषधाची एक तपकिरी बाटली वाचली होती. ती मी लपवली. आणि लपवली कुठे, तर पऱ्हाटीच्या ढिगात. तिथे घरातलं कोणी फिरकत नाही म्हणून. रोज संध्याकाळी रस काढून त्या बाटलीत भरायचा, सकाळी फिरायला जाताना तिथेच उभ्या उभ्या नाक दाबून प्यायचा. आज कोणी सांगितलं तर मीच तिच्या मुस्काटात मारीन. पण तेव्हा मला माझ्या पायापुढे काही दिसत नव्हतं.

त्या सकाळी उठून मी गोळी घेतली. फिरून येऊन भाकर खायची, असा नेम. ढिगाजवळ गेले, बाटली काढली, तोंडाला लावली. अर्धी संपली असेल. मागून जी किंकाळी आली तशी मी जन्मात ऐकली नाही. जाऊबाई उभ्या होत्या. कशाला आल्या होत्या देव जाणे. धावत आल्या आणि माझ्या तोंडावर बुक्क्या मारायला लागल्या. बाटली हातातून उडाली, दगडावर फुटली. हिरवं पाणी मातीत गेलं. "तूबी जातं काय? तूबी? माह्या डोयापुढं? नाई जाऊ देत! मारून टाकीन पण जाऊ नाई देत!" माझा ओठ फाटला. मी ओरडले, "बाई, कारलं हाय ते! कारलं!" पण तोंडात रक्त, जीभ चावलेली, कोणाला कळणार? मी तिला ढकललं. ती पडली, उठली, माझे केस धरले. दोघीही मातीत. मला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती. ती मला मारत नव्हती, वर्षभरापूर्वीची ती सकाळ मारत होती.

मग सगळं गाव आलं. नवरा आला. त्याचा चेहरा पाहिला आणि मी समजले की आता आपलं कोणी ऐकणार नाही. दोघांनी हात धरले, एकानं पाय. सासूबाईंनी मिठाचं पाणी आणलं, ते नाकात तोंडात ओतलं. कोणीतरी म्हणालं साबणाचं पाणी द्या, तेही दिलं. मी दात आवळले तर नवऱ्यानं गुडघा छातीवर रोवला, जबडा फाकवला आणि उजव्या हाताचं बोट घशापर्यंत घातलं. "ओक! ओक म्हणतो नं! ओक, रांडे, मले सोडून जातं?" रडत होता आणि मला दाबत होता. माझा श्वास बंद झाला. तेव्हा मी चावले. सगळ्या ताकदीनिशी. दातांना हाड लागलं. त्यानं किंकाळी मारली, पण बोट काढलं नाही. बाप्पा, तो माणूस! बोट तसंच ठेवलं, आणि मी ओकले. कारल्याचा रस ओकले, रात्रीची भाकर ओकले, शेवटी नुसतं पिवळं पाणी. फक्त गोळी निघाली नाही. ती केव्हाच विरघळून रक्तात गेली होती.

रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

काळी-पिवळी जीपमध्ये मला टाकलं आणि दारव्ह्याकडे निघाले. बाजाराला निघालेले लोक आधीच आत बसले होते, त्यांना उतरवायलाही कोणाला सुचलं नाही. वाटेत मला घाम फुटला. थंड, पाझरणारा घाम. हात कापायला लागले, डोळ्यांपुढे काजवे, जीभ लाकडासारखी. मला आतून कळत होतं की ही साखर खाली चालली. डॉक्टरचं उगारलेलं बोट आठवत होतं. पण भासऱ्यांनाही मरताना असाच घाम आला होता. सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि ऊर बडवला, "भिनलं वो! भिनलं जहर!"

समोरच्या बाकावर एका म्हाताऱ्याच्या मांडीवर गुळाची भेली होती. गोणपाटात गुंडाळलेली, वरचा कोपरा उघडा. मी ती पाहिली. आयुष्यात मी कशाकडे तसं पाहिलं नसेल. मी म्हटलं, "गूळ… साखर द्या… साखर." तोंडातून काय निघालं माहीत नाही, पण 'साखर' त्यांना कळलं. आणि सासूबाई किंचाळल्या, "नाई नाई! हिले साखर बंद हाय! डॉक्टरनं सांगतलं, एक दाणा नाई!" म्हातारा बिचारा घाबरून भेली छातीशी धरून मागे सरकला.

मी झेप घेतली. खरंच सांगते, मी त्याच्यावर झेप घेतली. नखं लावली गोणपाटाला. नवऱ्यानं कंबर धरून ओढलं, जाऊबाईंनी आपल्या पदरानं माझे हात बांधले. मी डोकं आपटलं नवऱ्याच्या नाकावर, त्याच्या नाकातून रक्त आलं. ड्रायव्हर शिव्या देत होता. जीप धावत होती. माझीच माणसं, माझ्यासाठी रडणारी माणसं, मला वाचवायला जिवाचं रान करणारी, आणि हातभर अंतरावरचा गूळ मला देत नव्हती. मला वाटलं, मी अशीच मरणार. कारल्यानं नाही, गुळावाचून मरणार. मग भेली दिसेनाशी झाली.

शुद्धीवर आले तेव्हा हातात सलाईन होतं. कोणी शहाण्या डॉक्टरनं तोंडाचा वास घेतला, डोळे पाहिले, अंगाला औषधाची घाण नाही हे ताडलं आणि बोटाला सुई टोचून साखर मोजली होती. शिरेतून साखर गेल्याबरोबर मी डोळे उघडले म्हणे, जसा कोणी दिवा लावावा. उशाशी नवरा होता. नाक सुजलेलं, बोटाला मळका रुमाल. "कारलं होतं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मंग सांगता नाई येत?" मी त्याच्या मुस्काटात मारली. सलाईनच्याच हातानं. सुई निसटली, रक्त चादरीवर. नर्स धावली. तो हलला नाही. गाल तसाच पुढे धरून बसला आणि म्हणाला, "मार अजून. जिती हायेस तर मार." सासूबाई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. जाऊबाई माझे पाय दाबत होत्या. माझे पाय. मी त्यांना थांबा म्हटलं नाही.

गावात हसू झालं. कारल्याची बाई म्हणून पोट्टे मागून ओरडायचे. होऊ दे. मी आता उघडपणे, रस्त्यानं, बिना तांब्याची चालायची. कोणी विचारलं कायले चालतं, तर सांगायची, "माह्या पायासाठी."

नवऱ्याचं बोट मात्र भरेना. हळद झाली, कात झाला, दारव्ह्याहून मलम झालं. चक्कीचं पीठ त्यात जायचं. तो म्हणायचा, "तुह्या दातात जहर हाय, दुसरं काय." मी हसायची. मग एकदा तो दुपारी जेवून माझ्या बाजूला आडवा झाला. पंखा फिरत होता. आणि मला तो वास आला.

गोड, कुजका.

मी उठून बसले. त्याचा हात ओढला, पट्टी फाडून काढली. बोट काळंनिळं पडलं होतं, सूज मनगटापर्यंत चढलेली. एकदम सगळं डोक्यात आलं. ती घसरणारी पँट. तो रिकामा होणारा माठ. रात्री उठून उठून बाहेर जाणं. भावाचं दुःख! मी माझी साखर कणाकणानं मोजत बसले आणि शेजारी हा माणूस आतून विरघळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच.

मी म्हटलं, चला यवतमाळला. तो म्हणाला, "बह्याड झाली काय? मले कशी साखर होईन? मी तर वाळका हाय. साखर जाड्या लोकाईले होते." चक्कीवर दळणाची रांग होती. मी जाऊन पट्टा उतरवला. त्यानं चढवला. मी पुन्हा उतरवला. त्यानं माझा हात झटकला. तेव्हा मी त्याची कॉलर धरली आणि सगळ्या रांगेदेखत त्याला ओढत रस्त्यावर आणलं. शर्ट फाटला. तो ओरडत होता, "सोड! इज्जत घेतं काय माही?" मी म्हटलं, "इज्जत राहू द्या. हात न्यायचाय मले तुमचा, शाबूत." रांगेतल्या बायका हसत होत्या, एका जाऊबाई सोडून. त्यांनी मागून येऊन त्याचा दुसरा दंड धरला. आम्ही दोघींनी मिळून त्याला एसटीत कोंबलं.

साखर एवढी निघाली की तपासणाऱ्यानं दुसऱ्यांदा सुई टोचली. डॉक्टर म्हणाले, किती वर्षांची आहे कोण जाणे. बोट राहणार नाही. पण आणखी थोडे दिवस गेले असते तर हात गेला असता, त्याच्याही पुढे माणूस. ते मला विचारत होते, जखम कशाची? मी खाली पाहिलं. तो म्हणाला, "चक्कीत सापडलं साहेब." खोटं. माझ्यासाठी खोटं बोलला.

बोट कापलं. मुळापासून.

घरी आणताना एसटीत आमच्या शेजारी लोहाऱ्याची एक मावशी बसली. त्याच्या हाताचं बोचकं पाहून म्हणाली, "मशीनीत गेलं का बाबू?" मी खिडकीबाहेर तोंड केलं. नवरा म्हणाला, "नाई वो मावशी. बायको चावली."

सगळी बस हसली. कंडक्टरही हसला. मावशी म्हणाली, "अवो माय! बायको हाय का वाघीण?"

"वाघीणच," तो म्हणाला. "ते नसती चावली, तं मी आता राख होऊन खापरात असतो. माह्या भावाले नाई भेटलं कोणी चावणारं."

मी त्याच्या दंडावर एक बुक्की घातली, चांगली जोरात. मग तोच दंड दोन्ही हातांनी धरला आणि गाव येईस्तोवर भोकाड पसरून रडत राहिले.